शिकवायला आले, शिकून गेले : जोसनच्या दरबारातील परदेशी शिक्षक आणि एका उपेक्षित लिपीची गोष्ट

#थ्रेड #इतिहास #कोरिया

१.
अठराव्या शतकातील कोरियन चित्रकार किम होंग-दो याचे एक छोटेसे चित्र प्रसिद्ध आहे. गावची शाळा, बसक्या मेजामागे गुरुजी आणि दोन्ही बाजूंना पुस्तके उघडून बसलेली मुले. मधोमध एक पोरगा गुरुजींकडे पाठ करून बसला आहे आणि डोळे पुसतो आहे. पाठांतर आलेले नाही, हे उघड आहे. बाकीची मुले हसू दाबत आहेत आणि गुरुजींचा चेहरासुद्धा काहीसा ओशाळलेला आहे. छडी बसून गेली की अजून बसायची आहे, हे चित्रकाराने आपल्यावर सोडले आहे.

२.
आज जगभरातून शिक्षकांची मंडळे कोरियाच्या अभ्यासदौऱ्यावर जातात. राजवाडे पाहतात, जुनी विद्यापीठे पाहतात, वर्गांत मागच्या बाकावर बसून तास ऐकतात आणि ‘या देशाने हे साधले कसे?’ हा प्रश्न घेऊन परततात. पण परदेशी शिक्षकाने कोरियात जाऊन तिथली शाळा आणि संस्कृती समजून घेण्याची परंपरा बरीच जुनी आहे. तिच्या आरंभी तीन तरुण अमेरिकी शिक्षक उभे आहेत. ते शिकवायला गेले होते. त्यांची शाळा फसली. तरीही त्यांतील एकाचे नाव कोरिया आजही आदराने घेतो. असे का घडले, ते या थ्रेडमध्ये पाहू.

३.
प्रथम पार्श्वभूमी. १३९२ ते १८९७ या काळात कोरियात ‘जोसन’ राजवट होती. राज्याचा पाया कन्फ्यूशियसच्या विचारांवर उभा होता, म्हणून विद्येला अपार मान होता. गावात ‘सॉदांग’ ही खासगी पाठशाळा असे, जिल्ह्यात ‘ह्यांगग्यो’ ही सरकारी शाळा, डोंगरांच्या कुशीत ‘सॉवॉन’ ही विद्वानांची पीठे आणि राजधानी सोलमध्ये १३९८ साली उभी राहिलेली ‘सॉन्गग्युनग्वान’ ही सर्वोच्च संस्था. अशी नऊ सॉवॉन २०१९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

४.
सॉदांगमधले शिक्षण चिनी लिपीतील एक हजार अक्षरांच्या प्रवेशिकेपासून सुरू होई. मुले डोलत, मोठ्याने घोकत. एक पुस्तक पाठ झाले की घरून पक्वान्ने येत आणि गुरुजींसह सारे मिळून खात. या छोट्या सोहळ्याला ‘छेकगॉरी’ म्हणत. त्यात ‘सोंगप्यॉन’ हा सारण भरलेला तांदळाचा पदार्थ असे. पोकळ पारीत सारण भरावे तशी मुलाच्या डोक्यात विद्या भरो, अशी त्यामागची भावना. आपल्याकडच्या मोदकाची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे.

५.
या साऱ्या घोकंपट्टीचे टोक म्हणजे ‘ग्वागो’ ही राजसेवेची परीक्षा. ती ९५८ साली सुरू झाली आणि १८९४ पर्यंत चालली. म्हणजे नऊ शतकांहून अधिक काळ. १८०० साली सोलमध्ये झालेल्या एका परीक्षेला एका दिवसात एक लाखाहून अधिक उमेदवार आल्याची नोंद आहे. जागा मात्र मूठभर. कागदोपत्री परीक्षा बऱ्याच लोकांना खुली होती. प्रत्यक्षात वर्षानुवर्षे बसून अभ्यास करणे केवळ ‘यांगबान’ या उच्चकुलीन वर्गालाच परवडे.

६.
आता या व्यवस्थेतील सर्वांत मोठी विसंगती पाहा. परीक्षा, राजाज्ञा, इतिहास, काव्य, सारे काही चिनी लिपीत आणि अभिजात चिनी भाषेत. कोरियन माणूस घरात एक भाषा बोले आणि शाळेत वेगळीच लिही. वास्तविक त्याच्याकडे स्वतःची लिपी होती. राजा सेजोंगने १४४३ साली ती तयार केली आणि १४४६ साली जाहीर केली. अठ्ठावीस अक्षरे, त्यांतील मूळ व्यंजने उच्चार करताना जीभ, ओठ, घसा यांच्या होणाऱ्या आकारांवरून बेतलेली. सामान्य माणसाला आपले म्हणणे लिहिता यावे, हा तिचा जाहीर हेतू होता. आज तिला आपण ‘हंगुल’ म्हणतो.

७.
विद्वानांनी तिला विरोध केला. छे माल्ली या दरबारी पंडिताने १४४४ साली राजाला निवेदन दिले. त्याचा आशय असा की चीनपासून वेगळी लिपी धरणे हे असंस्कृतांचे लक्षण आहे. राजा बधला नाही. पण राजानंतर पंडितांचेच चालले. हंगुलला ‘ऑनमुन’, म्हणजे गावठी लिपी, असे नाव पडले. ती बायकांच्या पत्रांत, लोककथांत, भाड्याने मिळणाऱ्या कादंबऱ्यांत जगली. शाळेच्या उंबऱ्याबाहेर मात्र थांबून राहिली.

८.
पाश्चात्त्यांच्या नजरेस कोरियाचे ग्रंथप्रेम लवकर पडले. १८६६ साली फ्रेंच नौदलाने गांगह्वा बेटावर हल्ला केला. त्या मोहिमेतील आंरी झ्युबेर या अधिकाऱ्याने पुढे लिहिले की येथील अगदी दरिद्री घरांतही पुस्तके दिसतात आणि हे पाहून आमच्या अभिमानाला धक्का बसतो. दुर्दैव असे की त्याच मोहिमेने बेटावरील राजग्रंथालय लुटले. त्यांतील २९७ खंड २०११ मध्ये कोरियात परत आले, तेही मुदतीच्या कर्जाऊ कराराने!

९.
१८८२ साली कोरियाने अमेरिकेशी तह केला. पुढच्याच वर्षी मिन योंग-इक याच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्यासमोर आपल्या दरबारी रीतीप्रमाणे जमिनीवर लवून प्रणाम केला, तेव्हा यजमान गोंधळून गेले. या मंडळातील यु गिल-जुन हा तरुण शिक्षणासाठी अमेरिकेतच राहिला. म्हणजे अभ्यासदौऱ्यांचा हा व्यवहार पहिल्यापासून दुतर्फा होता.

१०.
शिष्टमंडळ परतल्यावर राजा गोजोंगने अमेरिकेकडे तीन शिक्षक मागितले. इतक्यात डिसेंबर १८८४ मध्ये सोलमध्ये सुधारकांचा उठाव झाला. तो तीन दिवसांत मोडला, मिन योंग-इक गंभीर जखमी झाला आणि शिक्षकांचा विषय मागे पडला. अखेर १८८६ च्या जुलैमध्ये तिघे कोरियात उतरले: होमर हल्बर्ट, जॉर्ज गिलमोर आणि डाल्झेल बंकर. तिघेही न्यूयॉर्कच्या एकाच धर्मशास्त्र महाविद्यालयातून आलेले. हल्बर्ट तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा होता. हा थ्रेड वाचणाऱ्या अनेकांच्याच वयाचा!

११.
एक गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. कोरियातील आधुनिक शिक्षण या तिघांनी सुरू केलेले नाही. वॉनसान या बंदरात स्थानिक लोकांनीच १८८३ साली नव्या पद्धतीची शाळा काढली होती. सोलमध्ये मिशनरी हेन्री अपेन्झेलर याने १८८५ साली मुलांची शाळा काढली. मेरी स्क्रँटन यांची मुलींची शाळा १८८६ मध्ये एकाच विद्यार्थिनीवर सुरू झाली. तिचेच पुढे इव्हा महिला विद्यापीठ झाले. या तिघांची शाळा वेगळी ठरते ती यासाठी की ती राजाची, म्हणजे सरकारी होती.

१२.
२३ सप्टेंबर १८८६ रोजी ती उघडली. नाव ‘युग्यॉन्ग गोंगवॉन’. ‘युग्यॉन्ग’ म्हणजे गुणवंतांचे संगोपन. हा शब्दप्रयोग मेन्सियस या प्राचीन चिनी तत्त्वज्ञाच्या एका वचनावर आधारलेला आहे. गुणवंतांना मिळवून त्यांना घडवणे हा थोर पुरुषाचा एक आनंद आहे, असे तो म्हणतो. म्हणजे इंग्रजीतून भूगोल आणि गणित शिकवणाऱ्या शाळेची पाटीही जुन्या कन्फ्यूशियन शब्दांतच रंगली होती. नवे दार जुन्याच चौकटीत बसवले होते.

१३.
विद्यार्थी किती? पहिल्या तुकडीत पस्तीस. दोन वर्ग होते. एकात आधीच नोकरीत असलेले तरुण अधिकारी, दुसऱ्यात यांगबान घराण्यांतील मुले. स्वतः ओझे उचलणे हे कुलीनाला शोभत नसे, त्यामुळे त्यांच्यासोबत नोकरचाकरही येत. राजा गोजोंगला या शाळेची आस्था होती आणि त्याने स्वतः विद्यार्थ्यांची परीक्षा घेतल्याचे शिक्षकांनी लिहून ठेवले आहे. आरंभी उत्साह होता. मुले हुशार होती. शब्द पाठ करण्यात तर त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सॉदांगची तालीमच तशी होती.

१४.
मग बिनसले कुठे? तीन ठिकाणी. अधिकारी विद्यार्थ्यांना कचेरीची कामे असत, त्यामुळे हजेरी घटत गेली. यांगबान मुलांच्या दृष्टीने प्रतिष्ठा आणि पद अजूनही ग्वागो परीक्षेतूनच मिळणार होते. इंग्रजी हा फार तर एक जोडधंदा. आणि खजिन्यातून पैसा वेळेवर येत नसे. गिलमोर १८८९ मध्ये परतला, हल्बर्टने १८९१ मध्ये शाळा सोडली आणि १८९४ मध्ये शाळा बंद झाली. जेमतेम आठ वर्षे.

१५.
इथपर्यंतची कथा ‘परदेशी तज्ज्ञ बोलावले, पैसा खर्चला, फळ मिळाले नाही’ अशी वाटते. पण शाळा ढासळत असताना हल्बर्ट दुसरीकडे शिकत होता. आल्याबरोबर त्याने कोरियन भाषेचा ध्यास घेतला. हंगुल वाचायला तो चार दिवसांत शिकला, असे सांगतात. हे सहज पटण्यासारखे आहे, कारण लिपी तशीच रचलेली आहे. त्याला कोडे पडले ते पुढे. इतकी सोपी, इतकी नेमकी लिपी ज्यांच्यापाशी आहे, ते लोक तिला शाळेत पाऊल का ठेवू देत नाहीत?

१६.
या कोड्याचे त्याने दिलेले उत्तर म्हणजे एक पाठ्यपुस्तक. १८९० च्या आसपास त्याने ‘सामिन पिलजी’ लिहिले. अर्थ: ‘विद्वान आणि सामान्यजन, दोघांनाही ठाऊक असावे असे’. हा जगाचा भूगोल होता. सूर्यमाला, पृथ्वी, खंड आणि मग देशोदेशींचे हवामान, उत्पन्न, राज्यव्यवस्था, शिक्षण, सैन्य. सारे शुद्ध हंगुलमध्ये. प्रस्तावनेत त्याने स्पष्टच विचारले आहे की आपली लिपी चिनी अक्षरांहून सोयीची असूनही तिला तुच्छ लेखणे हे दुर्दैव नव्हे काय?

१७.
शीर्षकातच त्याची भूमिका आहे. ‘सा’ म्हणजे विद्वान, ‘मिन’ म्हणजे जनता. या दोघांनी एकच पुस्तक वाचावे, ही कल्पनाच तोवरच्या शिक्षणव्यवस्थेला नवी होती. आणि तिला मिळालेला प्रतिसादही बोलका आहे. १८९५ साली या पुस्तकाची अभिजात चिनी भाषेत आवृत्ती निघाली! हंगुलमध्ये वाचणे ज्यांना कमीपणाचे वाटे, त्या विद्वानांपर्यंत पोहोचायला कोरियन पुस्तकाचे चिनीत भाषांतर करावे लागले. सवयीची पकड किती घट्ट असते, ते यावरून कळते.

१८.
हल्बर्ट १८९३ मध्ये पुन्हा कोरियात आला, या वेळी मिशनच्या छापखान्याचा प्रमुख म्हणून. १८९७ मध्ये शिक्षक घडवणाऱ्या सरकारी विद्यालयाचा तो मुख्याध्यापक झाला. दरम्यान त्याचे कान गल्लीबोळांकडे होते. १८९६ साली त्याने ‘आरिरांग’ हे लोकगीत पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहून प्रसिद्ध केले. अशी ही पहिली नोंद मानली जाते. कोरियन माणसाच्या जेवणात भाताचे जे स्थान, तेच त्याच्या संगीतात या गाण्याचे, असा त्याचा अभिप्राय होता. ही जाण वर्गात उभे राहून येत नाही. त्यासाठी रस्त्यावर उतरून ऐकावे लागते.

१९.
इथे थोडे थांबून इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभेल अशी शंका घेऊ. ‘परदेशी माणूस आला आणि त्याने स्थानिकांना त्यांच्याच ठेव्याची ओळख करून दिली’, ही गोष्ट सांगायला फार सोपी आणि म्हणूनच धोक्याची आहे. हंगुल कधी मेली नव्हती. राजघराण्यातील स्त्रिया तीत पत्रे लिहीत. सोलमध्ये कादंबऱ्या भाड्याने देणारी दुकाने होती. कॅथलिक प्रार्थनापुस्तके तीत हस्तोहस्ती फिरत. दोंगहाक या जनचळवळीची पदे तीतच रचली गेली. तळाशी आग होतीच. हल्बर्टचे वेगळेपण एवढेच की शाळेच्या पुस्तकाला त्याने ती आच दिली.

२०.
त्याच्या चुकाही लपवायला नकोत. तो मिशनरी होता आणि ‘सुधारलेले’ व ‘मागासलेले’ देश अशी त्या काळची उतरंड त्याच्याही मनात होती. भाषाशास्त्रात तर त्याची एक उडी आपल्या अंगणात येऊन पडते! कोरियन भाषा ही दक्षिण भारतातील द्राविडी भाषांची नातलग आहे, असे त्याचे मत होते. १९०५ च्या सुमारास त्याने या दोहोंच्या तुलनात्मक व्याकरणावर पुस्तक लिहिले. आजचे भाषाशास्त्र हे नाते मानत नाही. तरी सोलमध्ये बसून कोणी तमिळ व्याकरण चाळत होते, ही कल्पना मोठी गमतीची आहे.

२१.
खरे काम कोरियन लोकांनीच पुढे नेले. १८९४ च्या सुधारणांत ग्वागो परीक्षा रद्द झाली आणि कायदे व राजाज्ञा यांचा आधार देशी लिपी असेल, असे ठरले. १८९६ साली सो जे-पिल याने ‘दोंगनिप शिनमुन’, म्हणजे ‘स्वतंत्र’, हे वृत्तपत्र काढले. त्यातील कोरियन मजकूर निव्वळ हंगुलमध्ये आणि शब्दांत अंतर सोडून छापला जाई, म्हणजे कोणालाही अडखळल्याविना वाचता यावे. छपाई होई ती हल्बर्ट ज्याच्याशी संबंधित होता त्याच मिशनच्या छापखान्यात. तिथे जु शी-ग्योंग हा विशीतला तरुण मुद्रिते तपासत असे. ‘हंगुल’ हे नाव पुढे रुजले, त्याचे श्रेय सहसा त्यालाच दिले जाते.

२२.
आता या कथेचा सर्वांत कडवट भाग. राजाच्या त्या पस्तीस विद्यार्थ्यांपैकी एकाचे नाव होते ई वान-योंग. हुशार, इंग्रजी उत्तम, १८८७ मध्ये वॉशिंग्टनच्या वकिलातीत नेमणूक. शाळेचे उत्तम फळ म्हणून दाखवावा असा विद्यार्थी. १७ नोव्हेंबर १९०५ रोजी जपानने कोरियाचे परराष्ट्र व्यवहार हिरावणारा करार लादला. त्याला संमती देणाऱ्या मंत्र्यांत ई वान-योंग होता, आणि त्याचे तेव्हाचे खाते होते शिक्षण! २२ ऑगस्ट १९१० रोजी देश जपानमध्ये विलीन करणाऱ्या करारावर पंतप्रधान म्हणून त्याचीच सही आहे.

२३.
आणि त्याचा शिक्षक? १९०५ मध्ये सम्राट गोजोंगचे पत्र घेऊन हल्बर्ट वॉशिंग्टनला गेला. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याला भेट दिली नाही. १९०७ मध्ये हेग येथील शांतता परिषदेत गोजोंगने तीन गुप्त दूत पाठवले, तेव्हाही हल्बर्ट युरोपात त्यांच्या बाजूने खटपट करत होता. परिषदेने दूतांना आत घेतले नाही. गोजोंगला पदत्याग करावा लागला. हल्बर्ट अमेरिकेत स्थायिक झाला आणि पुढची अनेक वर्षे कोरियाच्या स्वातंत्र्यासाठी लिहीत-बोलत राहिला. शिक्षक देशासाठी झगडतो आहे आणि विद्यार्थी देशाचा सौदा करतो आहे! शिक्षणाच्या इतिहासात असे चित्र विरळाच.

२४.
जपानी अंमलात हंगुलवर पुन्हा संकट आले. १९३८ नंतर शाळांतून कोरियन भाषा हद्दपार होत गेली. जु शी-ग्योंगच्या शिष्यांनी कोरियन भाषेचा शब्दकोश रचायला घेतला होता. १९४२ मध्ये त्यांची धरपकड झाली, दोघे विद्वान तुरुंगातच वारले आणि हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झाले. सप्टेंबर १९४५ मध्ये, देश मुक्त झाल्यावर, ते सोल रेल्वे स्थानकाच्या गोदामात सापडले. १९४७ मध्ये शब्दकोशाचा पहिला खंड निघाला. एका शब्दकोशासाठी माणसे प्राण देतात, तेव्हा भाषा म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

२५.
स्वातंत्र्य मिळाले तेव्हा बहुसंख्य प्रौढांना लिहिता-वाचता येत नव्हते. मग १९५० चे युद्ध. शाळा तंबूंत, डोंगरउतारावर, उघड्यावर भरू लागल्या. १९५२ मध्ये युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांच्या पुनर्बांधणी संस्थेचे शिक्षणतज्ज्ञ पाहणीसाठी कोरियात आले. परदेशी शिक्षकांचा हा दुसरा मोठा अभ्यासदौरा. त्या मदतीतून १९५४ मध्ये सोलच्या योंगदुंगपो भागात पाठ्यपुस्तकांचा छापखाना उभा राहिला. त्याची क्षमता वर्षाला तीन कोटी प्रतींची होती. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस बान की-मून लहानपणी त्याच पुस्तकांवर शिकल्याची आठवण सांगत.

२६.
या दोन दौऱ्यांतला फरक पाहण्यासारखा आहे. १८८६ मध्ये शिक्षक इंग्रजी पुस्तके घेऊन पस्तीस कुलीनांकडे आले होते. १९५४ मध्ये परदेशी यंत्रांतून जी कोट्यवधी पाने बाहेर पडत होती, ती हंगुलमध्ये होती आणि शेतकऱ्याच्या, फेरीवाल्याच्या, निर्वासिताच्या मुलांसाठी होती. यंत्र परके होते, अक्षर आपले होते. देशाची साक्षरता पुढच्या काही वर्षांत झपाट्याने वाढली. त्यामागे सरकारी मोहिमा होत्या, आईबापांचा हट्ट होता आणि शाळेचा उंबरा अखेर ओलांडलेली ती लिपी होती.

२७.
जुलै १९४९ मध्ये कोरियन सरकारच्या निमंत्रणावरून श्याऐंशी वर्षांचा हल्बर्ट सोलला परतला. दीर्घ प्रवासाने थकलेला होता. आठवड्याभरात, ५ ऑगस्ट रोजी, तिथेच त्याचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेपेक्षा कोरियाच्या मातीत पुरले जाणे मला अधिक आवडेल, असे तो म्हणत असे. सोलमध्ये हान नदीकाठच्या यांगह्वाजिन दफनभूमीत त्याच्या थडग्यावर त्याच अर्थाचे शब्द कोरले आहेत.

२८.
शेवटी पुन्हा किम होंग-दोच्या चित्राकडे वळू. तो रडणारा मुलगा मंद नव्हता. त्याला अशा भाषेतला पाठ म्हणायचा होता, जी त्याच्या घरात कोणी बोलत नव्हते. परक्या शाळेत गेलेला पाहुणा सहसा इमारत, शिस्त, निकाल पाहतो. हल्बर्टने शाळेत काय नाही ते पाहिले आणि मग ते कुठे आहे ते शोधायला स्वयंपाकघरात, बाजारात, गाण्यांत गेला. कोरियन शिक्षणाविषयी तो जे शिकला, त्यातले बरेचसे शाळेबाहेरच सापडले.

२९.
म्हणून पुढच्या वेळी ‘अमुक देशाचे शिक्षण पाहून या’ असे कोणी म्हणाले, तर एक प्रश्न सोबत न्यावा: तिथल्या मुलाला पहिला पाठ कोणत्या भाषेत म्हणावा लागतो, आणि ती भाषा त्याच्या आजीला येते का? हाच प्रश्न परतताना आपल्या घरीही आणावा. कोरियाला त्याचे उत्तर द्यायला १४४६ पासून पाचशे वर्षे लागली.

थ्रेड समाप्त. वाचकहो, काही चुकले असेल तर जरूर दाखवा. इतिहास दुरुस्त करत करतच शिकायचा असतो.